विमानप्रवासासाठी हलके स्कूबा जॅकेट कसे निवडावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून तारकर्लीला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर डायव्हिंगला जायचे असेल तर आपण बहुधा गाडीनेच निघतो, त्यामुळे सामान दोन-चार किलोने वाढले तरी कोणाचे लक्ष जात नाही. वजनाचा विचार सुरू होतो तो अंदमानचे तिकीट काढल्यावर. देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला बहुतेक वेळा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले सामान नेता येते. पायात घालायच्या फिनची जोडी दीड-दोन किलोची, सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटर दोन-अडीच किलोचा, अंग उबदार ठेवणारा तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट दीड किलोच्या आसपास आणि नेहमीचे बॉयन्सी जॅकेट, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणे सांभाळणारे जॅकेट, ज्याला डायव्हर बीसीडी म्हणतात, ते साडेतीन-चार किलोचे, असा हिशेब केला तर चेक-इनच्या सामानात कपड्यांना फारशी जागा उरत नाही. प्रवासासाठी बनवलेले बीसीडी दोन ते अडीच किलोत मिळते. ही बचत मोलाची आहे. पण वजन ही शेवटची कसोटी असावी, पहिली नव्हे, असे माझे ठाम मत आहे. वर्षातून एखाददुसरी डाइव्ह करणाऱ्याने तर डायव्हिंग केंद्रातले भाड्याचेच जॅकेट वापरावे आणि ते पैसे चांगल्या मास्कवर खर्च करावेत.

पहिली पायरी : किती उचल लागते ते काढा

एक लिटर हवा पाण्यात साधारण एक किलो वजन उचलून धरते, हे लक्षात ठेवले की पुढचे गणित सोपे आहे. आपल्याकडच्या केंद्रांत सर्रास मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा असतो आणि पूर्ण भरल्यावर त्यातल्या हवेचेच वजन अडीच किलोहून थोडे जास्त होते. डाइव्हच्या शेवटी ही हवा बरीचशी संपलेली असते, पण सुरुवातीला तिचा भार जॅकेटलाच पेलावा लागतो. त्यात वेटसूटची भर पडते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, वेटसूटच्या निओप्रीन या रबरी फोममधले हवेचे बुडबुडे आकसतात आणि पृष्ठभागावर सुटाने दिलेली दीड-दोन किलोची तरणशक्ती खाली गेल्यावर हळूहळू कमी होत जाते. या दोन्हींची बेरीज चार-साडेचार किलो येते. वर आल्यावर बोटीची वाट पाहताना डोके लाटेच्या वर राहावे म्हणून आणखी चार-पाच किलो धरावेत. म्हणजे थोडी सवड धरून उबदार समुद्रात एका सिलिंडरवर डायव्हिंग करणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाला ११ ते १४ किलो उचल पुरेशी होते. लेबलवर हा आकडा कधी न्यूटनमध्ये, तर कधी पौंडात दिलेला असतो. १० न्यूटन म्हणजे सुमारे १ किलो आणि २.२ पौंड म्हणजे १ किलो. मोठ्या मापाच्या जॅकेटची उचल सहसा जास्त असते, म्हणून आपल्या मापासमोरचाच आकडा वाचावा.

दुसरी पायरी : रचना पाहा

हलकेपणा कुठून तरी काढून घेतलेला असतो. बहुतेक प्रवासी जॅकेटांत पाठीची टणक प्लेट नसते, हवा भरायच्या फुग्याचे कापड पातळ असते, गादी कमी असते आणि खिसे लहान असतात. गादी कमी असणे मला दोष वाटत नाही, उलट तो गुण आहे. जाड फोम स्वतःच तरंगतो आणि त्याला बुडवण्यासाठी कमरेला जादा शिसे बांधावे लागते. प्लेट नसण्याकडे मात्र बारकाईने पाहावे. मऊ पाठीच्या जॅकेटला सिलिंडर धरणारा पट्टा एकच असेल तर सिलिंडर डावी-उजवीकडे झुलतो, म्हणून मी दोन पट्ट्यांचे किंवा वर मानेपाशी आधाराची दोरी असलेले जॅकेट घेण्याचा सल्ला देईन. नायलॉनचा पट्टा भिजल्यावर सैल पडतो. तो आधी पाण्यात बुडवून मगच आवळावा.

फुगा फक्त पाठीकडे असलेल्या जॅकेटमध्ये पाण्याखाली शरीर आडवे राहते आणि छाती मोकळी असते, मात्र पृष्ठभागावर ते गच्च फुगवले तर तोंड पुढे ढकलले जाते. नवशिक्याला कुशीलाही फुगणारे जॅकेट अधिक आश्वासक वाटेल. दोन्हींपैकी कोणतेही बीसीडी हे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचे तोंड ते पाण्याच्या वर ठेवील अशी खात्री बाळगू नये.

तिसरी पायरी : अंगावर घालून पाहा

वेटसूट घालूनच जॅकेट चढवावे, सगळे पट्टे आवळावेत, ते पूर्ण फुगवावे आणि खोल श्वास घ्यावा. बरगड्या दाबल्या जात असतील तर ते लहान आहे. त्यानंतर जोडीदाराला खांद्याचे पट्टे धरून जॅकेट वर ओढायला सांगावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. पूर्वी एका केंद्रात मला मोठ्या मापाचे जॅकेट मिळाले होते आणि लाटांत ते कानांपर्यंत चढून आले. एका हाताने ते खाली ओढत मी बोटीची शिडी शोधत होतो, तेव्हापासून माप हा माझ्या लेखी सर्वांत वरचा निकष आहे. स्त्रियांनी छातीच्या बाजूने वळून जाणारे पट्टे असलेले माप आवर्जून मागावे.

चौथी पायरी : हवा सोडण्याच्या जागा मोजा

माझे पहिले हलके जॅकेट मी केवळ वजन पाहून घेतले होते. खांद्यावर एकच व्हॉल्व्ह, खाली कमरेपाशी काही नाही. डोके खाली करून एका खडकाच्या कपारीत पाहत असताना हवा पाठीच्या खालच्या भागात साचली, मी वर सरकू लागलो आणि सोडायची दोरी हाताशी नव्हती. सरळ उभे राहून हवा सोडेपर्यंत गेलेले ते चार-पाच सेकंद मला आजही आठवतात. म्हणून खांद्यावर एक आणि कमरेमागे एक, असे किमान दोन व्हॉल्व्ह असलेच पाहिजेत, आणि त्यांच्या दोऱ्या डोळे मिटून सापडल्या पाहिजेत. इन्फ्लेटरची, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायच्या बटणाची नळी आपल्या रेग्युलेटरच्या होजला जुळते का, हेही दुकानातच जोडून पाहावे, कारण ज्या इन्फ्लेटरमध्येच श्वास घेण्याची पर्यायी सोय बसवलेली असते त्याचे कपलिंग बहुधा वेगळ्या मापाचे असते.

वजनाचे खिसे नसले तरी चालते. शिसे आणि त्याचा पट्टा केंद्रातच मिळतो.

पाचवी पायरी : घरी तपासा

जॅकेट तोंडाने गच्च फुगवून रात्रभर ठेवावे. सकाळी ते सैल पडले असेल तर मोठ्या टबात दाबून धरावे आणि व्हॉल्व्हच्या कडेला, नळीच्या सांध्यावर बुडबुड्यांची बारीक माळ दिसते का ते पाहावे. लटकवायच्या काट्यावर ते आधी कोरडे आणि मग भिजवून, दोन मिनिटे निथळू देऊन तोलावे. परतीच्या विमानात हे दुसरे वजन कामाला येते, आणि दोन्हींत एक किलोचा फरक पडत असेल तर ते जॅकेट प्रवासाचे नव्हे.

जॅकेट सुकायला किती वेळ लागतो हे पाहण्याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावे, हा डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा विमानप्रवासाचा सल्ला ६०० मीटरच्या वरच्या केबिन-उंचीसाठी (विमानातल्या हवेचा दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती उंची) आहे, आणि आपले घरच त्याहून उंचावर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो, म्हणून मालवणात दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली घाट चढू नये. मुक्काम करावा आणि त्या रात्रीत जॅकेट धुऊन सुकवावे. चांगले प्रवासी जॅकेट तेवढ्या वेळात बरेचसे कोरडे होते. धुताना गोडे पाणी नळीतून आतही भरावे, हलवून खालच्या व्हॉल्व्हमधून काढून टाकावे. मीठ आत राहिले की इन्फ्लेटरचे बटण अडकते.

जून ते सप्टेंबर समुद्र बंद असतो आणि खानापूरसारख्या भागात कपाटातल्या चामड्यालाही बुरशी येते. त्या काळात जॅकेट घडी घालून बॅगेत ठेवू नये. अर्धे फुगवून रुंद हँगरवर, वारा लागेल अशा ठिकाणी टांगावे, आणि महिन्यातून एकदा सगळी बटणे व दोऱ्या चालवून पाहाव्यात.