पट्टी हलते, आवाज हलत नाही: एक्सएफसीईच्या पॅनेलवर व्हॉल्यूमचं चिन्ह बसवताना

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि एक्सएफसीई (लिनक्सवरचा एक हलका डेस्कटॉप) टाकून द्यायचं काम नात्यागोत्यात माझ्याच गळ्यात पडतं. दर वेळी पहिली तक्रार ठरलेली: "आवाजाचं ते कोपऱ्यातलं चिन्ह कुठे गेलं?"

ते बसवायला अर्धं मिनिट पुरतं. पॅनेलवर राइट-क्लिक, 'पॅनेल', 'ॲड न्यू आयटम्स', यादीतून 'पल्सऑडिओ प्लगइन' (पल्सऑडिओ म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्रामचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारी यंत्रणा). यादीत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, आणि त्याच फेरीत 'पावूकंट्रोल' ही आवाजाच्या तपशीलवार सेटिंगची खिडकीही घ्या, पुढे त्याच्यावाचून अडतं. फेडोरासारख्या लिनक्समध्ये २०२१ पासून पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर ही नवी यंत्रणा आलीय, पण हे प्लगइन तिथेही चालतं.

आता चिन्हावर माउस नेऊन चाक फिरवलं की आवाज वर-खाली, चाक दाबलं की म्यूट. कीबोर्डवरची आवाजाची बटणं चालावीत म्हणून प्लगइनच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकटची खूण करा. आवाजाचं दुसरं एखादं चिन्ह आधीपासून असेल तर ते काढून टाका, नाहीतर दोघंही त्याच बटणांवर हक्क सांगतात.

इथपर्यंत कुणाचंच अडत नाही. अडतं ते पुढे.

एकदा रात्री साडेअकराला आमच्याकडे टीव्हीला लॅपटॉप जोडून नाटक चालू होतं. शेजारी झोपलेले. मी चाक फिरवतोय, पट्टी शून्यावर आली, आणि टीव्ही मात्र पहिल्यासारखाच गर्जतोय. शेवटी बाबांनी उठून केबलच उपटली. दुसऱ्या दिवशी शोधाशोध केली तर एकच सल्ला जागोजागी: पल्सऑडिओ काढा, पुन्हा टाका. मी काढलं. जाताना ते हे प्लगइनही घेऊन गेलं. सगळं पुन्हा बसवलं आणि रात्री तोच टीव्ही, तीच गर्जना. कुणी हा सल्ला दिला तर हात जोडा आणि पुढे चला.

बिघाड काहीच नव्हता. चिन्हाची पट्टी फक्त 'डीफॉल्ट' आउटपुटचा, म्हणजे आवाज जिथून निघावा म्हणून ठरवून ठेवलेल्या जागेचा, आवाज बदलते, आणि माझं डीफॉल्ट होतं लॅपटॉपचे स्पीकर. ब्राउझर मात्र एचडीएमआयवर, म्हणजे टीव्हीच्या केबलवर, वाजत होता, कारण कधीतरी मीच त्याला तिकडे पाठवलं होतं. कोणता प्रोग्राम कुठे वाजत होता हे पल्सऑडिओ लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी त्याला तिथेच नेऊन सोडतं. म्हणजे मी रिकाम्या खोलीतला पंखा कमी करत बसलो होतो.

उपाय असा. आधी गाणं किंवा व्हिडिओ चालू करा, मगच पावूकंट्रोल उघडा. हा क्रम चुकवू नका: 'प्लेबॅक' टॅबमध्ये फक्त आत्ता वाजत असलेले प्रोग्राम दिसतात. मी पहिल्यांदा सगळं बंद करून उघडलं, टॅब रिकामा दिसला आणि पावूकंट्रोलच बिघडलंय असं समजून बसलो. तुमच्या प्रोग्रामच्या ओळीत उजवीकडे आउटपुटचं नाव असतं. त्यावर क्लिक करून हवं ते निवडा. मग 'आउटपुट डिव्हाइसेस'मध्ये जाऊन त्याच आउटपुटसमोरचं बरोबरच्या खुणेचं बटण दाबा. ते झालं डीफॉल्ट. दोन्ही करा. फक्त दुसरं केलंत तर जुनी आठवण असलेला प्रोग्राम पुन्हा जुन्याच जागी जायची शक्यता राहते. टीव्ही कधीच जोडत नसाल आणि एचडीएमआय वेगळं कार्ड म्हणून दिसत असेल, तर 'कॉन्फिगरेशन'मध्ये त्याचं प्रोफाइल 'ऑफ' करून विषयच मिटवा.

खिडकी उघडीच आहे तर आकडेही पाहून घ्या. १०० टक्क्यांना ० डेसिबल असतं, पण ५० टक्क्यांना जवळपास उणे १८. म्हणजे पट्टी अर्ध्यावर आणली की ध्वनिलहरीची उंची आठव्या हिश्श्यावर येते. उलट १०० च्या वर सॉफ्टवेअर आवाज ताणतं, आणि लॅपटॉपचे चिमुकले स्पीकर फाटल्यासारखे वाजायला लागतात. प्लगइनच्या प्रॉपर्टीजमध्ये कमाल मर्यादा १०० करून ठेवा. "पण पिक्चरमधलं बोलणं ऐकूच येत नाही" म्हणणाऱ्या काकांना मी सरळ हेडफोन आणून दिला.

एवढं करूनही सामसूम असेल तर पावूकंट्रोलमधल्या, वाजणाऱ्या आवाजाबरोबर हलणाऱ्या पट्टीकडे बघा. ती स्थिर असेल तर प्रोग्रामच काही वाजवत नाहीये. ती योग्य आउटपुटवर नाचत असेल आणि तरी स्पीकर गप्प असेल, तर घोळ खालच्या थरात आहे. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) अल्सामिक्सर, म्हणजे थेट साउंड कार्डाचे आवाज दाखवणारा प्रोग्राम, उघडा, एफ-६ दाबून साउंड कार्ड निवडा, आणि ज्या खांबाखाली 'एमएम' दिसेल तिथे जाऊन एम दाबा. 'एमएम'च्या जागी 'ओओ' आलं की म्यूट निघालं. बहुतेक वेळा 'मास्टर' किंवा 'स्पीकर' यांपैकी एक खांब तसा अडकलेला सापडतो.