कारवानी कुत्रं शेळीमागं धावत असेल तर

कारवानी कुत्रं नजरेनं शिकार करतं. पळणारी शेळी दिसली की मागं लागणं त्याच्या रक्तातच आहे, मारून ते जात नाही.

शेतातल्या आखाड्यावर शेळी कुत्र्यापासून 20 मीटरवर बांधा. कुत्र्याच्या रुंद चामडी पट्ट्याला 5 मीटरचा सुती कासरा लावा, पण ढील 2 मीटरच द्या. वेगात जाऊन कासरा ताणला तर त्याच्या लांब, सडपातळ मानेला झटका बसतो. हाताला तर तो गुंडाळूच नका, बोटं सोलून निघतात.

कान टवकारून नजर खिळते, तोच क्षण पकडायचा. एकदाच नाव घ्या. वळलं की लगेच हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. नाही वळलं तर हिसका न देता कासरा धरून थांबा, खालच्या आवाजात 'नाही' म्हणा आणि त्याला घेऊन 5 पावलं मागं या. शिक्षा एवढीच. 10 पैकी 8 वेळा वळू लागलं की अंतर 2 मीटरनं कमी करा, आधी नाही.

शेळीमागं पळून परत आलेल्या कुत्र्याला मात्र कधीच मारू नका. परत आल्याबद्दल मार बसला असं ते समजतं आणि पुढं हाकेला येत नाही. घरात सगळ्यांचा शब्दही एकच हवा. एकाचं 'नाही', दुसऱ्याचं 'हाड' चालत नाही.

उन्हाळ्यात सराव सकाळी 7 च्या आत, 5 ते 7 मिनिटंच.