किराण्याचा खर्च कमी करायचाय? आधी कचऱ्याच्या डब्यात डोकवा

किराण्याचं बिल वाढलं की आपण महागाईच्या नावाने बोटं मोडतो. भाव काही आपल्या हातात नसतो. विकत आणलेल्या वस्तूंपैकी किती पोटात जातात आणि किती कचऱ्यात, हे मात्र बऱ्यापैकी आपल्याच हातात असतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साधारण ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नाही, घरांतून गेलं. म्हणून स्वस्त दुकान शोधत फिरण्याआधी सुरुवात घरातूनच करावी.

१. आठवडाभर नोंद ठेवा

फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवा. अन्न टाकायची वेळ आली की तीन गोष्टी लिहा: काय टाकलं, साधारण किती, आणि का. यातला 'का' सर्वांत महत्त्वाचा. फ्रीजमध्ये मागे राहिलं आणि विसरलं, जास्त शिजवलं गेलं, की घरात कुणालाच आवडलं नाही? पहिल्यावर उपाय साठवणीत आहे, दुसऱ्यावर मापात, आणि तिसऱ्यावर उपाय म्हणजे ती वस्तू पुन्हा आणायची नाही, मग ती कितीही पौष्टिक असो. या आठवड्यात सवयी बदलू नका, नुसतं लिहा. आपण सगळेच कागद पाहून थोडे शहाण्यासारखे वागायला लागतो आणि नोंद खोटी ठरते.

२. बेत पाच दिवसांचा करा, सातचा नाही

आधी फडताळ आणि फ्रीज उघडून बघा, मग बेत ठरवा, यादी त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की घरात हळदीची तीन पाकिटं निघतात. सातही दिवसांचे पदार्थ आखणारी माणसं उत्साही असतात, पण एक दिवस उरलेलं संपवण्यात जातो आणि एक दिवस आयत्या वेळी काही तरी वेगळंच ठरतं. तेवढी जागा मोकळी सोडा. पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत संपतील असं बघा. कोबी, गाजर, भोपळा यांना घाई नसते.

पोटात भूक असताना खरेदीला जाऊ नका. जुनाच सल्ला आहे, पण खरा आहे.

३. दुकानात पाकिटाची किंमत नाही, किलोचा भाव बघा

दोन पाकिटांची तुलना करताना किंमत वजनाने भागून १०० ग्रॅमचा किंवा किलोचा भाव काढा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. आणि स्वस्त पडलं तरी हिशोब तिथे संपत नाही: पाच किलोवर वीस टक्के सवलत मिळाली आणि त्यातला एक किलो कीड लागून टाकावा लागला, तर सवलत गेली. चार किलोचे पैसे दिले, चार किलो खाल्लं.

खरा भाव खाण्याजोग्या भागाचा असतो. मटारच्या शेंगा सोलल्यावर निम्म्याहून अधिक वजन सालींचं निघतं, तेव्हा गोठवलेल्या मटारशी तुलना करायची तर दाण्यांच्या वजनावर करा. शिजवलेल्या काबुली चण्यांच्या ४०० ग्रॅमच्या डब्यातून पाणी काढलं की हाती साधारण २४० ग्रॅम चणे येतात. तेवढेच चणे घरी शिजवायला कोरडे १०० ग्रॅमच्या आसपास पुरतात.

४. साठवण: पैसे इथेच वाचतात

फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि फ्रीजरचं उणे १८ हवं. अनेकांनी ते कधी तपासलेलंच नसतं. एक साधा थर्मामीटर आत ठेवून बघा.

सफरचंद, पिकलेली केळी आणि टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो. त्याच्या शेजारी ठेवलेली पालेभाजी लवकर पिवळी पडते. पालेभाज्या कोरड्या करून कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवा, ओलावा राहिला की कुजतात. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी, कांद्यांपासून दूर. ब्रेड फ्रीजमध्ये ठेवायची सवय मोडा: त्या तापमानाला त्यातला स्टार्च लवकर कडक होतो आणि ब्रेड शिळा लागतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर काप करून सरळ फ्रीजरमध्ये टाका.

नवीन सामान मागे, जुनं पुढे. फ्रीजचा एक कोपरा 'आधी हे संपवा' म्हणून राखून ठेवा. दिसतं तेच खाल्लं जातं.

पाकिटावरच्या तारखाही नीट वाचा. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम. नीट साठवलेला कोरडा पदार्थ दुसऱ्या दिवशी विष होत नाही. 'यूज बाय' मात्र सुरक्षिततेची तारीख असते, तिथे काटकसर नको.

५. शिजवताना

प्रथिनांचा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ साठा म्हणजे कोरडी कडधान्यं. रात्रभर भिजवली की शिजायला वेळ आणि इंधन दोन्ही कमी लागतं. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर सालं मऊ होतात; मिठाने कडधान्य शिजत नाही, हा समज चुकीचा आहे. शिजू देत नाही तो आंबटपणा, म्हणून टोमॅटो, चिंच वगैरे दाणा मऊ झाल्यावर घाला. राजमा मात्र निदान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा, अर्धवट शिजलेला बाधतो.

दुप्पट कडधान्य शिजवून अर्धं मसाल्याशिवाय गोठवून ठेवा. थकलेल्या संध्याकाळी बाहेरून मागवण्याचा मोह टळतो तो अशा डब्यामुळेच.

६. उरलेलं

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. खोलगट पातेल्यात तसंच ठेवू नका, पसरट डब्यांत काढलं की लवकर गार होतं. भाताबाबत विशेष काळजी घ्या: त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फ्रीजमधलं उरलेलं तीन-चार दिवसांत संपवा. डब्यावर तारीख लिहायला चिकटपट्टीचा तुकडा आणि पेन फ्रीजपाशीच ठेवा, दुसऱ्या खोलीत असलं तर कुणी लिहीत नाही.

महिन्याभराने पहिला कागद काढा आणि पुन्हा एक आठवडा नोंद करा. जी वस्तू दोन्ही कागदांवर असेल, ती पुढच्या यादीत निम्मी लिहा.