सीपी/एमचे प्रोग्रॅम दुसऱ्या जुन्या संगणकावर चालवताय? या चुका टाळा

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली लिहिलेली सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम पुढे कितीतरी बनावटींच्या संगणकांवर पोहोचली. ऑस्बोर्न, केप्रो, ॲमस्ट्रॅड, कमोडोर १२८, इतकेच काय, झेड८० प्रोसेसरचे कार्ड बसवले की ॲपल २ वरसुद्धा. म्हणून एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालणार, असे बहुतेक जण धरून चालतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सीपी/एमची हमी फार थोडी आहे. प्रोग्रॅम मेमरीतल्या ०१०० हेक्स (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी) या पत्त्यावर लोड होतो, आणि त्याने ०००५ या पत्त्यावर कॉल केला की बीडीओएस (सीपी/एमचा मुख्य भाग) त्याचे फाइल, कीबोर्ड, प्रिंटरचे काम करून देते. फ्लॉपीच्या गोल ट्रॅकवर सेक्टर, म्हणजे डेटाचे तुकडे, कसे मांडायचे, कर्सर कसा हलवायचा, मेमरी किती मोकळी ठेवायची, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. बिघाड शोधायचा तो याच जागांमध्ये.

सर्वात महागात पडणारी चूक फ्लॉपीची. ड्राइव्हमध्ये बसली म्हणजे ती वाचता येईलच असे नाही. सिंगल डेन्सिटीच्या ऑस्बोर्न १ वर एका ट्रॅकमध्ये २५६ बाइटचे १० सेक्टर असतात, केप्रो २ वर ५१२ बाइटचे १०. दोन्ही फ्लॉप्या सव्वापाच इंची, दोन्हींवर ४० ट्रॅक, दिसायला सारख्याच. ॲपल २ आणि कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह तर जीसीआर या वेगळ्याच पद्धतीने बिट लिहितात; एमएफएम ही दुसरी पद्धत वाचणारा साधा ड्राइव्ह तिथे कितीही खटपट केली तरी उपयोगाचा नाही. कमोडोरच्या १५७१ ड्राइव्हला दोन्ही पद्धती जमतात, म्हणून कमोडोर १२८ वर सीपी/एम वापरायचे असेल तर तोच मिळवा.

चुकीचा फॉरमॅट निवडूनही कधीकधी डिरेक्टरीतली काही नावे नीट दिसतात, आणि माणूस फसतो. फाइल उघडली की मजकुराचे तुकडे उलटसुलट लागलेले असतात. फ्लॉपी खराब नसते, सेक्टरांचा क्रम चुकलेला असतो. या अवस्थेत तिच्यावर काही लिहिलेत तर मात्र जुना डेटा खरोखर जाईल. म्हणून जुनी फ्लॉपी आधी राइट-प्रोटेक्ट करा, मगच घाला. इथेही एक गंमत आहे: सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच झाकली की ती सुरक्षित होते, आठ इंचीची झाकली की लिहिण्यासाठी मोकळी होते. दोघींचा नियम उलटा.

१.२ एमबीच्या ड्राइव्हवर जुन्या ४० ट्रॅकच्या यंत्रासाठी फ्लॉपी बनवणे हीही नेहमीची चूक. त्याचे हेड अरुंद असते. आधी वापरलेल्या फ्लॉपीवर ते नवा ट्रॅक लिहिते, पण कडेला जुन्या ट्रॅकचा अंश उरतो. जुन्या यंत्राचे रुंद हेड दोन्ही एकदम वाचते आणि एरर देते. शक्यतो ४० ट्रॅकचाच ड्राइव्ह वापरा, नाहीतर चुंबकाने पूर्ण पुसलेली फ्लॉपी घ्या.

माझे मत विचाराल तर एक-दोन फाइलींसाठी फ्लॉपीच्या नादी लागूच नका. सीरियल केबल आणि एक्समोडेम (केबलवरून फाइल पाठवण्याची पद्धत) वापरा, फॉरमॅटचा प्रश्नच उरत नाही. समोरच्या यंत्रावर एक्समोडेमचा प्रोग्रॅम नसेल तर तो हेक्स फाइल (बाइट मजकूर-आकड्यांत लिहिलेली फाइल) म्हणून पीआयपी या सीपी/एमच्या कॉपी प्रोग्रॅमने सीरियल पोर्टवरून घ्या आणि लोड कमांडने त्याची कॉम फाइल, म्हणजे थेट चालणारी फाइल, करा. थेट कॉम फाइल मजकुरासारखी पाठवू नका. पीआयपीला १ए हेक्स हा बाइट दिसला की त्याच्या दृष्टीने फाइल संपली.

आता स्क्रीन. प्रोग्रॅम सुरू होतो, पण पडद्यावर नुसता कचरा. अशा वेळी अनेक जण कॉपी बिघडली समजून दुसरी शोधायला निघतात. आधी तो कचरा नीट वाचा. समजा, जागोजागी = आणि त्यापाठोपाठ दोन विचित्र चिन्हे दिसतात, उदाहरणार्थ =%*. हा एडीएम-३ए या टर्मिनलचा (पडदा आणि कीबोर्डच्या जोडयंत्राचा) कर्सर हलवण्याचा संकेत आहे: एस्केप, मग =, मग ओळ आणि रकाना, दोन्हींत ३२ मिळवून. % या चिन्हाचा संकेतांक ३७, अर्थात शून्यापासून मोजलेली ५वी ओळ. * चा ४२, अर्थात १०वा रकाना. केप्रोला हा संकेत कळतो. ॲमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू व्हीटी५२ या दुसऱ्या टर्मिनलच्या वळणाचे, त्याला = च्या जागी वाय हवा. आकड्यांची रीत तीच, फक्त एक अक्षर वेगळे! स्क्रीन पुसण्याचा संकेतही बदलावा लागतो: एडीएम-३ए ला १ए हेक्स, पीसीडब्ल्यूला एस्केप ई आणि मग एस्केप एच. वर्डस्टार या लेखन-प्रोग्रॅमचा इन्स्टॉल आणि टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनाचा टिन्स्ट नेमके यासाठीच आहेत. त्यामुळे प्रोग्रॅम नेताना एकटी कॉम फाइल नेऊ नका, इन्स्टॉलर आणि ओव्हीआर (प्रोग्रॅमचे गरजेनुसार लोड होणारे भाग) फाइलीही न्या.

प्रोग्रॅम काहीच न दाखवता अडकला तर प्रोसेसर तपासा. मूळ सीपी/एम ८०८० साठी आहे, पण टर्बो पास्कलला झेड८०च लागतो. शिवाय एमएस-डॉसच्या फाइलीही कॉमच असतात आणि त्या इथे कधीच चालणार नाहीत. टीआरएस-८० मॉडेल १ ची अडचण आणखी वेगळी: तिथे पत्ता शून्यापासून रॉम बसलेली, म्हणून तिच्यासाठी सीपी/एम ४२०० हेक्सपासून सुरू होईल अशी बदलावी लागली. साधे प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत, खास तिच्यासाठी बनवलेलेच लागतात.

बायोसला (यंत्राशी थेट बोलणाऱ्या सीपी/एमच्या भागाला) हात घालून डिस्क वाचणाऱ्या, सीपी/एमच्या २.२ आवृत्तीच्या युटिलिटी सीपी/एम प्लस या नंतरच्या आवृत्तीवर वापरू नका. फाइली दुरुस्त करणारी बरीच साधने याच जातीची असतात.

आणि २.२ वर फ्लॉपी बदलली की कंट्रोल-सी दाबायलाच हवे. नाहीतर सिस्टीम नव्या फ्लॉपीला फक्त वाचण्यापुरती मानते आणि सेव्ह करताना आर/ओ असा बीडीओएस एरर येतो. मग कोणतीही कळ दाबा, प्रोग्रॅम बंद होतो आणि मेमरीतले काम जाते. एमबेसिकमध्ये (सीपी/एमवरच्या मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये) असाल तर बाहेर न पडता रीसेट कमांड द्या, आणि त्यानंतरच सेव्ह करा.