कूस बदलायची म्हणजे नेमकं काय करायचं

‘दर दोन तासांनी कूस बदला’ एवढं एक वाक्य डिस्चार्जच्या कागदावर लिहून पेशंटला घरी सोडतात. पक्षाघात झालेले आजोबा असोत, पार्किन्सनने आखडलेली आजी असो, वाक्य तेच. कूस किती वळवायची, मागे काय लावायचं, एकट्या माणसाने हे कसं करायचं, हे कुणी दाखवत नाही. मग घरची मंडळी काखेत हात घालून ओढतात, पूर्ण आडवं कुशीवर करतात, पाठीमागे एक उशी खुपसतात आणि पुढच्या आठवड्यात माकडहाडावर लाल चट्टा दिसला की एअर बेडच्या (पंपाने हवा भरणाऱ्या गादीच्या) दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची ही जखम, म्हणजे बेडसोर, होते ती हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपून रक्तपुरवठा थांबल्यामुळे. दुसरं कारण घसरण, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. माणूस उशाकडून पायथ्याकडे घसरतो तेव्हा कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं हाड पुढे जातं. वरून काही दिसत नाही, आत मात्र नुकसान झालेलं असतं.

तयारी थोडक्यात. पलंग तुमच्या कमरेच्या उंचीचा हवा, नाहीतर पेशंटच्या आधी तुमची पाठ जाईल. हॉस्पिटलची कॉट विकत घेऊ नका. बहुतेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात, तिथे अनामत रक्कम भरून भाड्याने मिळते. चार-पाच मऊ उशा घ्या, कडक लोड नको. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. जुनी सुती साडी चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत पेशंटच्या अंगाखाली आडवी घाला. हा आडवा पदर म्हणजे तुमचं मुख्य हत्यार. मणक्याला दुखापत असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, तर पुढचं काहीही करण्याआधी कोणत्या कुशीवर, किती वळवायची परवानगी आहे ते सर्जनला विचारून घ्या.

आणि कूस बदलायची ती जेवणाआधी, नंतर नाही. नाकातून नळी घातलेल्या पेशंटला भरवल्यानंतर अर्धा-पाऊण तास डोक्याची बाजू उंच ठेवावी लागते. त्या वेळात सपाट करून वळवलंत तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते.

वळवणं

आता मुख्य गोष्ट. माझाही इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण मला ज्यांनी शिकवलं त्यांनी पूर्ण कुशीवर झोपवायला शिकवलं होतं. पूर्ण ९० अंशांत कुशीवर निजलेल्या माणसाचं सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. तिथे मांस जेमतेम, बारीक माणसाला तर नाहीच. माकडहाड वाचवायला जाता आणि खुब्यावर जखम करून बसता. हवा असतो तो तिरपेपणा, साधारण ३० अंशांचा. म्हणजे धड उताणंही नाही आणि कुशीवरही नाही. वजन तेव्हा नितंबाच्या मांसल भागावर येतं, आणि माकडहाड व खुबा दोन्ही सुटतात. घरी येणाऱ्या मावशींना हे सांगितलं की त्या हमखास म्हणतात, ‘अहो, हे तर वळवल्यासारखं दिसतच नाही.’ न दिसू दे.

डाव्या कुशीकडे वळवायचंय असं धरू. आधी कॉटचा डोक्याकडचा भाग सपाट करा, चाकांचे ब्रेक लावा. पेशंटला सांगा: ‘बाबा, आता तुम्हाला डावीकडे करतेय.’ शुद्ध नसेल तरी सांगा. अचानक हलवलं की माणूस अंग ताठ करतो आणि काम दुप्पट होतं.

मग त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहा आणि साडीचा काठ दोन्ही हातांनी अंगालगत गुंडाळून धरून त्यांना आपल्याकडे सरकवा. हे आधी केलं नाही, तर वळल्यावर माणूस पलंगाच्या कडेला जाऊन पोचतो, मग परत ओढाताण. एकटी असाल तर तीन हप्त्यांत करा: आधी डोकं-खांदे, मग कंबर, मग पाय. साडीसकट सरकवायचं, म्हणजे घर्षण साडी आणि चादर यांच्यात होतं, कातडीवर होत नाही. हाताला धरून ओढायचं नाही, काखेतून तर नाहीच. पक्षाघाताच्या पेशंटचा लुळा हात ओढला की खांद्याचा सांधा निखळतो. मग त्या खांद्याचं दुखणं मूळ आजारापेक्षा जास्त छळतं.

उजव्या बाजूचा कठडा वर करा आणि डावीकडे या. त्यांचा उजवा हात छातीवर आणा, उजवा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. तुमचा एक हात त्यांच्या उजव्या खांद्यामागे, दुसरा उजव्या खुब्यामागे, आणि आपल्याकडे वळवा. नेहमी आपल्याकडेच, म्हणजे तोल गेला तरी अडवायला तुम्ही असता. गुडघा वाकवलेला असला की तो पाय स्वतःच अर्धं वजन घेऊन येतो, ताकद फारशी लागत नाही.

वळलेला माणूस एका हाताने धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने उशी पाठीमागे लावा, खांद्याच्या फऱ्यापासून कमरेपर्यंत. दुसरी उशी उजव्या नितंबाच्या आणि मांडीच्या खाली. दोन्हींच्या मध्ये माकडहाडाची जागा मोकळी राहिली पाहिजे. आता हळूच त्यांना मागे उशीवर टेकू द्या. हे टेकणं महत्त्वाचं. इथेच ९० चे ३० होतात.

यानंतर हात घालून बघायचं, आणि ही पायरी कुणीही गाळू नये. तळवा वर करून हात मागच्या बाजूने माकडहाडाखाली सरकवा. हात सहज आत गेला पाहिजे, वर वजन जाणवता कामा नये. मग पुढच्या बाजूने खालच्या खुब्याकडे हात न्या. तळव्याला हाडाचं टोक रुतत असेल तर माणूस जास्त वळलाय, मागची उशी थोडी चपटी करा. माकडहाड हाताला लागत असेल तर कमी वळलाय. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, मोबाईलवर कोन मोजणारं ॲपही नको. हात खोटं बोलत नाही.

शेवटी खालचा खांदा फऱ्याला धरून किंचित पुढे घ्या, खालचा कान दुमडला नाही ना ते बघा, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. लघवीची नळी, तिची क्लिप, डायपरचा चिकट पट्टा, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, यातलं काही अंगाखाली राहिलेलं नको. नळी मांडीखाली रात्रभर राहिली तर सकाळी मांडीवर नळीचा वळ उठलेला असतो.

उताणं ठेवायची पाळी येते तेव्हा डोक्याची बाजू ३० अंशांपेक्षा उंच फक्त जेवणापुरती आणि त्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासापुरती ठेवायची. उंच करताना आधी गुडघ्यांकडचा भाग उचला, मग डोक्याकडचा. उलटं केलं की माणूस खाली घसरतो.

टाचा

पोटरीखाली लांबट उशी, गुडघा जरासा वाकलेला, टाच हवेत. टाच आणि गादी यांच्यात कागद सरकवता आला पाहिजे. उशी घोट्यामागच्या शिरेखाली येता कामा नये. मधुमेही माणसाच्या टाचेची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, म्हणून हे दोन वाक्यांत संपत असलं तरी रोज करायचं.

जे करायचं नाही

स्पिरिट लावून पावडर चोळणं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि आजही कुणी अनुभवी बाई येऊन हेच सांगून जाते. स्पिरिटने कातडी कोरडी पडून चिरते, पावडर घामात भिजून तिच्या खरखरीत गुठळ्या होतात. लाल झालेल्या जागेवर तर मालिश मुळीच करू नका, आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं. मालिश करायची हौस असेल तर हातापायांना करा. मधोमध भोक असलेली रबरी रिंग वापरू नका. तिचा काठ सगळीकडून दाबतो आणि मधल्या भागाचं रक्त उलट अडतं. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवणं, जखमेला बल्बचा शेक देणं, उघड्या जखमेत हळद भरणं, हेही बाद. शी-शू झाल्यावर साध्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका, आणि त्या जागी झिंक असलेलं मलम पातळसं लावा. पुरे.

एअर बेड

एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. आणि तो घेऊन लोक त्यावर काय काय घालतात! मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर चादर, त्यावर डिस्पोजेबल पॅड. इतक्या थरांवर माणूस ठेवला की गादीतली हवा भरली काय नि सुटली काय, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. सैल घातलेली एक चादर आणि आपली ती आडवी साडी, बस्स. साडीही सरकवून झाली की ताणून सुरकुत्या काढायच्या. पंपावरचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावा आणि इथेही हात घाला: एअर बेडच्या खाली, माकडहाडाच्या बरोबर रेषेत, तळवा वर. हात आणि माणूस यांच्यात निदान इंचभर फुगलेली हवा जाणवली पाहिजे. वीज गेली की पंप बंद पडतो, म्हणून एअर बेडच्या खालची फोमची गादी काढून टाकू नका, आणि भारनियमनाच्या गावात तेवढा वेळ कूस जास्त वेळा बदला.

रोज बघायचं ते

अंघोळ घालताना माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, फरे आणि डोक्याची मागची बाजू उजेडात बघा. लाल जागा दिसली तर बोटाने दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ती जागा अजून वाचवता येते, तिच्यावर वजन येऊ देऊ नका. दाबूनही लालच राहिली तर पहिल्या पायरीची इजा झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांची कातडी सावळीच. तिथे हाताच्या मागच्या बाजूने चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत, रंगाने गडद किंवा जांभळट. जांभळा डाग म्हणजे इजा खोलवर आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कातडी फुटली, काळी खपली धरली, वास आला, ताप आला, तर घरगुती उपाय बंद.

खाण्याबद्दल एकच. पेज आणि वरणाचं पाणी यांवर जखमा भरत नाहीत. अशा माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, हिशोब तुम्हीच करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

रात्र

दोन तासांचा नियम कुठून आला? दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला दुखापत झालेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायचा शिरस्ता घातला. तिथे पाळीने काम करणारी माणसं होती. आपल्याकडे एक सून आणि एक मुलगा असतो, आणि दोघांनाही सकाळी कामावर जायचं असतं.

म्हणून हे ठाऊक असलेलं बरं: अमेरिका आणि कॅनडातल्या २७ शुश्रूषागृहांत ९०० हून अधिक वृद्धांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या घट्ट फोमच्या गादीवर असलेल्या वृद्धांना दर दोन, तीन किंवा चार तासांनी वळवलं, तरी जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. त्याआधी, २०११ मध्ये, आयर्लंडमधल्या अभ्यासात रात्री दर तीन तासांनी ३० अंशांत वळवलेल्यांपैकी ३ टक्क्यांना जखमा झाल्या. नेहमीच्या पद्धतीने, सहा तासांनी पूर्ण कुशीवर वळवलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होतं. म्हणजे गादी चांगली असेल, वळवणं नीट असेल आणि कातडी शाबूत असेल, तर रात्री दर दोन तासांचा गजर लावून स्वतःला संपवायची गरज नाही. चट्टा आधीच असेल किंवा गादी कापसाची असेल, तर ही सवलत तुम्हाला नाही.

मी लोकांना असं वेळापत्रक लावून देते: रात्री अकराला डायपर बदलून डावीकडे, अडीचला उजवीकडे, सहाला उताणं. कागद भिंतीवर चिकटवा आणि वळवल्यावर वेळ व बाजू लिहा, नाहीतर अडीचला उठलेल्या माणसाला अकराची कूस आठवत नाही आणि तो परत तिकडेच वळवतो. अडीचची पाळी रोज एकाच माणसाकडे नको. घरात दुसरं कुणी नसेल आणि पैसे फक्त एका पाळीपुरते असतील, तर नर्सिंग ब्यूरोची मावशी रात्रीची ठेवा, दिवसाची नको. सकाळी माकडहाड, खुबे आणि टाचा दाबून बघा. सगळं पांढरं पडून परत भरत असेल तर त्या रात्रीही तेच अंतर ठेवा. एखादी जागा दाबूनही लालच राहिली तर सवलत संपली, परत दर दोन तासांवर या.