साठीनंतर तयार कुर्ता घेताना या चुका टाळा

पुण्याचा लक्ष्मी रोड, दादरचा रानडे रोड, ठाण्याचा राम मारुती रोड, कुठेही एक फेरी मारा. कुर्त्यांचा तुटवडा आहे असं कुणी म्हणणार नाही. तरी साठी ओलांडलेल्या बाईला अंगावर नीट बसणारा आणि चांगला शिवलेला एक कुर्ता मिळवायला चार दुकानं पालथी घालावी लागतात. शेवटी ती ट्रायल रूममधून बाहेर येते ती ‘माझंच अंग सुटलंय’ असं पुटपुटत. हे वाक्य मला फार खुपतं, कारण बहुतेक वेळा चूक कपड्याच्या कापात असते.

आपल्यापैकी बऱ्याच जणींचं अर्धंअधिक आयुष्य साडीत गेलं. साडीला साइज नसते आणि ब्लाउजचं माप शिंप्याच्या वहीत असायचं. त्यामुळे आपलं शोल्डर किती, दंडघेर किती, हे स्वतःला माहीत असण्याची कधी गरजच पडली नाही. पुढे गुडघे, प्रवास, नातवंडांमागची धावपळ यांमुळे कुर्ता सोयीचा वाटू लागला आणि आपण तयार कपड्यांच्या बाजारात आलो. तिथे कपडा कापला जातो तो तरुण बांध्यावरून. एक मूळ साइज ठरवतात आणि पुढच्या साइजना प्रत्येक माप ठरावीक अंतराने वाढवत नेतात. छाती वाढली की तिच्याबरोबर शोल्डर, गळा आणि मुंढाही (बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल) वाढतो. अंग मात्र तसं वाढत नाही. पाळी गेल्यानंतर चरबी पोटाकडे जमते, छाती थोडी खाली येते, दंड जाड होतात, पाठीचा वरचा भाग गोलावतो, उंची कमी होते. खांद्याची हाडं मात्र होती तेवढीच राहतात. मग डबल एक्सएल पोटावर बसतो आणि खांद्यावरून गळतो.

भारतीय बांध्याची स्वतःची मापं असावीत म्हणून निफ्ट या फॅशन तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेने ‘इंडिया साइज’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह ६ शहरांत सुमारे २५,००० जणांची मापं स्कॅनरने घ्यायची, असा तो प्रकल्प. काम मोलाचं आहे, पण त्यासाठी ठरवलेला वयोगट १५ ते ६५ असा आहे. पासष्टीपुढच्या बाईचं अंग त्या मोजणीत धरलेलंच नाही. तेव्हा तूर्त आपलं माप आपणच सांभाळायला हवं.

नुसतं अक्षर बघून कपडा उचलणं

एका कंपनीचा एक्सएल दुसरीच्या एलएवढा असू शकतो. अक्षराशेजारी माप सेंटीमीटरमध्येही द्यावं असा वजनमापांच्या नियमांत दंडक आहे, म्हणून टॅगवरचा तो आकडा शोधा. १०२ सेंटीमीटर म्हणजे ४० इंच, १०७ म्हणजे ४२, ११२ म्हणजे ४४. हा आकडा अंगाचा आहे की शिवलेल्या कपड्याचा, हेही विचारून घ्या. छाती ४० इंच असेल तर आरामात बसणारा कुर्ता ४२-४३ इंचांचा असतो, आणि एवढ्या फरकाने सगळं गणित बिघडतं.

याहून खात्रीचा मार्ग घरातच आहे. कपाटातला तुमचा सगळ्यात लाडका, अंगाला न बोचणारा कुर्ता काढा. पलंगावर सपाट पसरा आणि टेप घेऊन मोजा. एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत शोल्डर, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजून दुप्पट केली की छाती, पोटाच्या सगळ्यात रुंद जागेवरचा घेर, दंडाजवळ बाहीची रुंदी, आणि खांद्यापासून खालपर्यंत उंची. मापं फोनमध्ये लिहून ठेवा, पर्समध्ये छोटी टेप टाका. दुकानात हँगरवरचा कुर्ता काउंटरवर पसरून मोजायला अजिबात संकोचू नका. घालून-काढून दमण्यापेक्षा हे बरं, विशेषतः खांदा आखडलेला असेल तर.

या सगळ्यांत शोल्डरला पहिला मान द्या. उंची कमी करता येते, पोटावर थोडं सैल करता येतं, बाही आवळता येते. शोल्डर बदलायचं तर दोन्ही बाह्या उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो, आणि ते काम प्रत्येक टेलर घेत नाही. शोल्डर आणि छाती जमली, पोटाशी थोडं अडतंय, तर कुर्ता हाती ठेवा. पोटाशी ऐसपैस आहे पण खांद्याची शिवण दंडावर उतरली आहे, तर परत टांगा.

ताणलं की एक साइज मोठी घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. हात वर केला की सगळा कुर्ता वर उचलला जातो, तेव्हा आपल्याला वाटतं कुर्ता लहान पडतोय. प्रत्यक्षात त्याचा मुंढा फार खोल असतो. काखेपासून तीन-चार बोटं खाली बाही जोडलेली असली की हाताबरोबर अख्खी बाजू ओढली जाते. मोठी साइज घेतली की मुंढा आणखी खोल आणि त्रास दुप्पट. इथे उलट एक साइज लहान घालून बघा. काखेजवळ नीट बसणाऱ्या मुंढ्यात हात मोकळा फिरतो. लोकलची दांडी धरणाऱ्या किंवा वरच्या फडताळातून डबा काढणाऱ्या बाईला हा फरक दिवसभर जाणवतो.

कुर्ता कुठे ओढतोय यावरून कारण ओळखता येतं. छातीपासून काखेकडे तिरप्या सुरकुत्या पडत असतील तर छातीवर कापड कमी आहे, किंवा टक्स, म्हणजे कापडाला छातीचा आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या, दिलेलेच नाहीत. स्वस्त कुर्ते सरळसोट कापतात, कारण टक्स घालायला वेळ लागतो. काखेखालून छातीच्या टोकाकडे जाणारा एक आडवा टक्स घातला तर पुढून लोंबणारा, पोटावर तंबूसारखा उभा राहणारा कुर्ता जागेवर येतो. सरळ उभं राहिल्यावर बाजूचे कट फाकत असतील तर पोटाशी किंवा सीटवर माप कमी आहे. कट इंच-दोन इंच वर उसवला तरी बऱ्याचदा सुटका होते, नाहीतर बाजूला त्याच रंगाची पट्टी किंवा कळी घालता येते. पुढचा गळा वाकल्यावर आ वासत असेल तर तो शोल्डरला मोठा आहे.

आणि हो, ट्रायलला जाताना रोजची, नीट आधार देणारी ब्रा घालून जा. छातीची उंची इंचभर बदलली की टक्स चुकीच्या जागी येतात, आणि बिचाऱ्या कुर्त्याला दोष जातो.

पाठीकडे न बघणं

आरसा समोरून दाखवतो, आणि वयाबरोबर होणारा मोठा बदल पाठीत असतो. पाठ थोडी गोल झाली, खांदे पुढे आले की पाठीवर जास्त कापड लागतं आणि पुढे कमी. तयार कुर्त्यात ते नसतं. परिणाम असा की कुर्ता सारखा मागे सरकतो, पुढून गळ्याला टोचतो, मागचा घोळ वर आणि पुढचा खाली दिसतो. दिवसभर आपण तो पुढे ओढत राहतो. ट्रायल रूममध्ये फोनने बाजूचा आणि पाठीचा फोटो काढा, किंवा बरोबरच्या मैत्रिणीला काढायला सांगा. दुरुस्तीही होते: खांद्याची शिवण उसवून फक्त पुढच्या भागातलं अर्धा इंच कापड आत घ्यायचं, म्हणजे शिवण पुढे येते आणि पाठीला हवी ती लांबी मिळते. गळ्याची पट्टी सफाईने परत बसवणारा टेलर मात्र हवा. गळ्याला जड भरतकाम असलेल्या कुर्त्यावर हे करता येत नाही, म्हणून असा कुर्ता आधीच मागे सरकत असेल तर कितीही सुंदर असला तरी सोडा.

ट्रायल रूममध्ये खुर्चीवर बसूनही बघा. स्टूल नसेल तर बाहेर येऊन बसा. आपलं बरंचसं आयुष्य बसून जातं, आणि बसल्यावर पोटावर जे होतं ते उभं राहून कळत नाही.

उलटा न करता घेणं

कुर्ता उलटा केला की त्याची खरी किंमत कळते. पहिल्यांदा बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती ते बघा. अर्धा-पाऊण इंच असेल तर पुढेमागे सैल करता येईल. बऱ्याच ठिकाणी माया जवळजवळ नसतेच. इंटरलॉकची, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मशीनने घातलेल्या टाक्यांची, धार थेट शिवणीला भिडलेली असते, आणि मग कोणताही टेलर काही करू शकत नाही. इंचाला दहा-बारा टाके असावेत. शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ताणा. धागे सरकून फट दिसली तर तो कपडा काखेत फाटणार. कटाच्या वरच्या टोकाला पक्का टाका किंवा छोटं कापड आहे का, खालची दुमड सरळ आहे का, अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा किंचित सैल आहे का, भरतकामाच्या मागची जाळी हाताला टोचते का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. आपल्या आयांनी बाजारात कापड असंच पारखलं. ती नजर आपल्यात आहे, ती वापरायला हवी.

जास्त किंमत म्हणजे जास्त चांगली शिलाई, हे गृहीत धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २,४०० आणि २,९०० च्या कुर्त्यांमधल्या फरकाचा मोठा भाग निव्वळ कराचा असू शकतो.

कापडाच्या नावाला भुलणं

खणाचे कुर्ते सध्या सगळीकडे आहेत. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या हातमागाच्या खणाची परंपरा मोठी आहे, पण बाजारात खण म्हणून मिळणारं पुष्कळ कापड यंत्रमागावरचं पॉलिएस्टर असतं. अचानक अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, अशा वयात ते नकोसं होतं. आतला लेबल वाचा. रेयॉन अंगावर छान पडतं, पण ओलं असताना कमजोर होतं. जोरात पिळलं, दांडीवर जड लटकवलं की लांबतं किंवा शिवणीत उसवतं. पातळ रेयॉन पोटाला चिकटतंही. मलमल हवेशीर असतं, मात्र अस्तर लागतं. मला विचाराल तर आपल्या हवेला मध्यम वजनाचं सुती कापड किंवा सुती-लिनन सगळ्यात इमानदार: अंगापासून थोडं सुटून उभं राहतं, आणि शिवणही धरतं.

रंगाबद्दल एवढंच. ‘वयाला शोभेल’ म्हणून दुकानदार राखाडी आणि बदामी पुढे करतो. चेहऱ्याजवळ रंग धरून उजेडात बघा. गडद जांभळा, मोरपंखी, राणी रंग आपल्याला पूर्वी शोभत होता तसा आजही शोभू शकतो.

घाईने अल्टर करणं

सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो. म्हणून आधी धुवा, मग टेलरकडे न्या. पण धुतलेला किंवा उसवलेला कपडा दुकान परत घेत नाही, तेव्हा ठेवायचा की नाही हे घरी शांतपणे एकदा घालून, टॅग न काढता ठरवा. आणि वजन उतरल्यावर बसेल म्हणून सेलमध्ये कधीही काही घेऊ नका.

बिल फेकून देणं

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघून आपण गप्प बसतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. शिवण उसवली, रंग गेला, तर हा तुमचा हक्क आहे. मात्र माप चुकलं किंवा रंग आवडला नाही तर दुकानाचं बदलून देण्याचं धोरण लागू होतं, ते पैसे देण्याआधी विचारा. ऑनलाइन घेतलेली वस्तू वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यावीच लागते. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि साइज चार्टचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तक्रार नसली तरी मागणी नोंदवा. ‘काकू, सगळ्यांना असंच बसतं’ असं काउंटरवरची मुलगी म्हणाली तर तिच्यावर चिडू नका, कापणारी ती नव्हे. मॅनेजरला बोलवायला सांगा आणि नेमकं बोला: छाती बेचाळीस, शोल्डर साडेचौदा, बाही कोपराखालपर्यंत, मुंढा वर, आत पाऊण इंच माया, आणि दोन्ही बाजूंना फोन मावेल एवढे खिसे. असा कुर्ता आला की कळवा म्हणून नंबर देऊन या.