थंडीत खिडकीआडून पक्ष्यांचे फोटो

काच दोन्ही बाजूंनी पुसा, खोलीतले दिवे मालवा आणि लेन्सचं रबरी हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी कड) काचेला टेकवा, प्रतिबिंब जातं. कॅमेरा काचेशी काटकोनात हवा, तिरका धरला की बारकावे पुसट होतात. खिडकी उघडायचा मोह टाळा! आतली ऊबदार हवा बाहेरच्या गार हवेत मिसळते, लेन्ससमोर लहरी उठतात आणि पिसं धूसर दिसतात. मग लेन्स कितीही महाग असो.

दाणापात्राशेजारी एक वाळकी फांदी बांधा, पक्षी आधी तिथे टेकतात. ३०० मिमी लेन्सला ३-४ मीटर अंतर पुरतं. शटर १/१००० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो. बर्फ असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ करा, नाहीतर पांढरं करडं दिसतं. उरलेल्या काचेवर बाहेरून दर ५ सेंटीमीटरवर ठिपके चिकटवाच, नाहीतर पक्षी काचेवर आपटून मरतात.